घरच्या विमानाचे फायबरग्लास : चकाकीपेक्षा वजन आणि तोल महत्त्वाचा

अमेरिकेत हौशी नागरिकाला स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधून त्याची रीतसर नोंदणी करता येते. निम्म्याहून अधिक काम शिक्षणासाठी वा आनंदासाठी, हौशी व्यक्तींनीच केलेले असावे, ही त्यासाठीची मुख्य अट आहे. ओरेगॉन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचे 'आरव्ही' मालिकेतील संच या छंदात विशेष लोकप्रिय आहेत. या विमानांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असला, तरी इंजिनावरील आवरण म्हणजेच काउलिंग, पंखांची टोके आणि चाकांवरील आवरणे फायबरग्लासची असतात. हे भाग जरा मोठेच येतात. ते कापून, घासून बसवण्याचे काम बांधणाऱ्याचे.

काउलिंग बसवताना प्रोपेलरच्या मध्यावरील शंकूपासून सुरुवात करतात. शंकू आणि काउलिंग यांत सुमारे ६ मिलिमीटरची फट ठेवली जाते. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते आणि सुरू वा बंद होताना चांगलेच हादरते. फट अपुरी असल्यास दोन्ही भाग एकमेकांवर घासतात. शिवाय काही काळाने रबर दबून इंजिन किंचित खाली बसते. म्हणून जाणकार मंडळी शंकू आरंभी केसभर वरच ठेवतात.

साच्यातून निघालेल्या पृष्ठभागावर सुईच्या अग्राएवढी छिद्रे असतात. ती रंगाने बुजत नाहीत, उलट रंगानंतर अधिकच उठून दिसतात. त्यासाठी आधी साच्याचे मेण ॲसिटोनने पुसून काढावे लागते. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरखरीत करून पातळ एपॉक्सी पातीने छिद्रांत दाबून भरतात. उंचसखलपणासाठी वापरायची लांबी एपॉक्सीत काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळून करतात. ही लांबी हलकी असते, पण तिला बळ नसते. जोडाला बळ हवे असेल तेथे गोळ्यांऐवजी कापसाचे बारीक तंतू मिसळतात. घासताना काचेचे कापड दिसू लागले, की हात थांबलाच पाहिजे. त्यापुढे कमी होते ती भागाची ताकद. धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून मास्क आणि एपॉक्सी त्वचेला लागू नये म्हणून हातमोजे अपरिहार्य. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली, की सहसा जन्मभर सुटत नाही.

चकाकीच्या हव्यासापायी लांबीवर लांबी चढवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. काउलिंगवर त्याने केवळ वजन वाढते. परंतु एलेरॉन किंवा एलिव्हेटरसारख्या हलत्या भागांवर, बिजागरीच्या मागे, थोडीशी लांबी किंवा रंगही तोल बिघडवू शकतो. तोल बिघडलेला भाग विशिष्ट वेगाला फडफडू लागतो आणि काही क्षणांत निखळूही शकतो. म्हणून रंगकाम झाल्यावर या भागांचा तोल पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.

बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी'सारखी विमाने तर मुख्यत्वे फोम आणि फायबरग्लास यांचीच असतात. उन्हात गडद रंग तापून आतील एपॉक्सी मऊ पडण्याची भीती असल्याने ती बहुधा पांढरीच रंगवली जातात.