ग्रहाची घनता आणि पृष्ठीय गुरुत्वाकर्षण : बुध व मंगळ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
ज्या ग्रहाचे वस्तुमान अधिक, त्याच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षणही अधिक, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळून येतो. बुध व मंगळ यांची तुलना केली असता तो अपुरा ठरतो. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तथापि दोन्ही ग्रहांवरील गुरुत्वत्वरण सुमारे ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीवरील त्वरणाच्या ३८ टक्के इतकेच आहे.

विवेचन :
न्यूटनच्या नियमानुसार पृष्ठीय गुरुत्वत्वरण वस्तुमानाच्या समप्रमाणात व त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. वस्तुमान म्हणजे घनता व घनफळ यांचा गुणाकार होय, आणि गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. ही किंमत नियमात घातल्यास गुरुत्वत्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात येते.

बुधाची त्रिज्या २४४० किलोमीटर व सरासरी घनता ५.४३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे. मंगळाची अनुक्रमे ३३९० व ३.९३. हे गुणाकार अनुक्रमे सुमारे १३,२५० व १३,३२० येतात. मंगळाला आकारामुळे मिळणारा लाभ बुध आपल्या घनतेने भरून काढतो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. त्रिज्या कायम ठेवून घनता दुप्पट केल्यास गुरुत्वत्वरण दुप्पट होते. मात्र वस्तुमान कायम ठेवून त्रिज्या निम्मी केल्यास घनता आठपट होते, पण गुरुत्वत्वरण चौपटच वाढते. अध्यापनात कोणती राशी स्थिर धरली आहे, हे स्पष्ट न केल्यास विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

या संबंधाचा उपयोग उलट दिशेनेही होतो. गुरुत्वत्वरण व त्रिज्या ज्ञात असल्यास सरासरी घनता काढता येते. त्यासाठी आवश्यक असलेला गुरुत्व स्थिरांक कॅव्हेंडिशच्या १७९८ मधील प्रयोगातून उपलब्ध झाला. त्या प्रयोगात पृथ्वीची घनता पाण्याच्या सुमारे साडेपाचपट आढळली. भूपृष्ठावरील सामान्य खडकांची घनता मात्र पाण्याच्या पावणेतीनपट असते. यावरून पृथ्वीच्या अंतर्भागात अधिक घन द्रव्य असल्याचे सूचित झाले. बुधाची उच्च घनताही त्याच्या विशाल लोहयुक्त गाभ्याकडे निर्देश करते. हा गाभा ग्रहाच्या त्रिज्येचा चार-पंचमांशाहून अधिक भाग व्यापतो.

निष्कर्ष :
केवळ वस्तुमान किंवा केवळ घनता पाहून पृष्ठीय गुरुत्वाकर्षणाचा निर्णय करता येत नाही. घनता व त्रिज्या यांचा एकत्रित विचार करावा लागतो. बुध-मंगळाचे उदाहरण वर्गात सूत्रापूर्वी मांडल्यास सूत्र पाठ करण्याऐवजी त्याचे कारण शोधण्याची वृत्ती विद्यार्थ्यांत रुजू शकेल.