गाडी मोडायचीच आहे, मग तिची एवढी तयारी कशाला? ब्रिटनमधल्या बँगर रेसिंगचं गणित

पार्किंगमध्ये कुणी गाडीला साधा ओरखडा पाडला तरी आपला दिवस खराब जातो. ब्रिटनमध्ये मात्र काही हौशी मंडळी आठवडाभर गॅरेजमध्ये घाम गाळून एक जुनी गाडी तयार करतात, तिला रंग देतात, छतावर नंबर लावतात आणि वीकेंडला ती मुद्दाम दुसऱ्याच्या गाडीवर नेऊन आदळतात. रात्री त्या गाडीचा चुरा ट्रेलरवर घालून घरी आणतात आणि पुढची गाडी शोधायला लागतात.

या प्रकाराला म्हणतात बँगर रेसिंग. लांबून बघितलं तर हा निव्वळ तोडफोडीचा कार्यक्रम वाटतो. पण गाडी निवडण्यापासून ती मैदानात उतरवण्यापर्यंतची प्रक्रिया बघितली, की या तोडफोडीलाही कडक हिशोब असतो हे लक्षात येतं.

बँगर रेसिंग म्हणजे नेमकं काय?

ब्रिटिश बोलीत ‘बँगर’ म्हणजे खिळखिळी झालेली जुनी गाडी. आपल्याकडचा खटारा. या खटाऱ्यांची शर्यत छोट्या लंबगोल ट्रॅकवर होते. बरेच ट्रॅक साधारण पाव मैलाचे, म्हणजे 400 मीटरच्या आसपासचे असतात. शाळा-कॉलेजच्या मोठ्या मैदानावर धावण्याचा जो ट्रॅक असतो, जवळपास तेवढेच.

इतर शर्यतींमध्ये धक्का लागला तर दंड होतो. इथे धक्का हाच खेळाचा भाग आहे. समोरच्याला मागून ठोकून वळणावर भिंतीकडे ढकलणं नियमात बसतं. बहुतेक ठिकाणी एका गोष्टीला मात्र सक्त मनाई असते. ती म्हणजे ड्रायव्हरच्या दारावर मुद्दाम धडक मारणं.

जो आधी अंतर पूर्ण करतो तो जिंकतो. पण अनेक मैदानांवर सगळ्यात जास्त धुमाकूळ घालणाऱ्यालाही बक्षीस असतं. कार्यक्रमाच्या शेवटी बऱ्याचदा ‘डिमॉलिशन डर्बी’ होते. त्यात अंतराचा प्रश्नच नसतो. शेवटपर्यंत जी गाडी हलत राहील ती जिंकली.

हे सुरू कसं झालं?

ब्रिटनमध्ये स्टॉक कार रेसिंगची पहिली शर्यत 16 एप्रिल 1954 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, लंडनमधल्या न्यू क्रॉस स्टेडियममध्ये झाली. सुरुवातीला त्यात जुन्या साध्या गाड्याच धावायच्या. पण हळूहळू लोक खास शर्यतीसाठी गाड्या बांधायला लागले आणि खर्च वाढत गेला. ज्याच्या खिशात फारसे पैसे नाहीत त्याने काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर म्हणून 1960 च्या दशकात बँगर रेसिंगने जोर धरला.

याच काळातली आणखी एक गोष्ट या खेळाच्या पथ्यावर पडली. 1960 मध्ये ब्रिटन सरकारने 10 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची केली. तपासणीत नापास झालेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय रस्त्यावर आणता येईना. अनेकदा दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त असायचा. अशी गाडी मालकाला नकोशी आणि रेसरला हवीशी.

गाडी कशी निवडतात?

पहिला निकष किंमत. गाडी एका रात्रीत संपणार असेल तर ती भंगाराच्या भावातच मिळायला हवी. त्यामुळे रेसरची स्पर्धा भंगारवाल्याशी असते. लोखंडाचा भाव चढला की खटाराही महाग होतो.

दुसरा निकष वजन आणि लांबी. फोर्ड ग्रॅनाडा, जुन्या जॅग्वार, व्होल्वो 240 या गाड्या रेसर्सच्या आवडत्या का? तर त्या जड आहेत आणि त्यांची डिकी लांब आहे. मागून धडक बसली की आधी डिकी चेपते आणि ड्रायव्हरपर्यंत धक्का कमी पोहोचतो. याच कारणामुळे निवृत्त झालेल्या शववाहिका आणि लिमोझिनही या मैदानात दिसतात. छोट्या इंजिनांसाठी वेगळे गट असतात. तिथे निसान मायक्रा, फोर्ड फिएस्टा यांसारख्या भारतातही ओळखीच्या असलेल्या गाड्या चालतात.

तिसरा निकष आहे इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढची चाकं गाडी ओढतात. धडका पुढे बसल्या, एखादा ड्राइव्ह शाफ्ट निखळला की गाडी जागीच बसते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी नाक चेपलं तरी ढकलत पुढे जाऊ शकते.

चौथा निकष म्हणजे गंज. बाहेरून पत्रा सडका दिसला तरी चालतो. पण सीट आणि सस्पेन्शन जिथे बसवलेले असतात तो खालचा भाग सडका असेल, तर अनुभवी माणूस गाडी तिथेच सोडतो. कारण ड्रायव्हरला वाचवणारं सगळं सामान याच पत्र्याला बोल्ट करायचं असतं. पत्रा फाटला की ते सामान उपटून हातात येणार.

इंजिन किती दमदार आहे याला मात्र फार महत्त्व नाही. एवढ्याशा ट्रॅकवर वेग गाठायला जागाच नसते. इंजिन तापलेलं असतानाही चालू राहिलं, की काम झालं.

तयारीची पहिली पायरी: काढून टाका

ही तयारी म्हणजे गाडीला काहीतरी जोडणं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पहिले कित्येक तास फक्त काढण्यात जातात.

सगळ्या काचा जातात. समोरची, मागची, दारांची, दिव्यांची आणि आरशांचीही. मागे राहिलेला काचेचा चुरासुद्धा झाडून काढावा लागतो, कारण गाडी उलटली तर तोच चुरा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. मग कार्पेट, छताचं कापड, प्लॅस्टिकचे भाग आणि ड्रायव्हरची सोडून बाकी सगळ्या सीट निघतात. यामागे वजनाचा प्रश्न कमी आणि आगीचा जास्त आहे. फोम आणि प्लॅस्टिक पटकन पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो.

एअरबॅगही काढतात. रस्त्यावर जीव वाचवणारी ही गोष्ट इथे पहिल्याच धडकेला तोंडावर फुटेल आणि पुढचं काही दिसणार नाही. कूलंट काढून रेडिएटरमध्ये साधं पाणी भरतात, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की तो निसरडा होतो.

फोर्डसारख्या काही गाड्यांमध्ये धक्का बसला की पेट्रोल पंप आपोआप बंद करणारा स्विच असतो. शर्यतीत तो दर मिनिटाला गाडी बंद पाडेल म्हणून त्याला बगल देतात. त्याच्या जागी ड्रायव्हरच्या हाताशी आणि बचाव पथकाला सहज दिसेल असा मुख्य स्विच बसवतात. तो ओढला की वीज आणि पंप, दोन्ही बंद.

दुसरी पायरी: जागा बदला

नेहमीच्या गाडीत पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला खाली असते आणि बॅटरी बहुतेक वेळा बोनेटखाली. बँगर रेसिंगमध्ये नेमक्या याच दोन ठिकाणी सगळ्यात जास्त मार बसतो.

म्हणून मूळ टाकी काढतात आणि काही लिटरचीच छोटी धातूची टाकी गाडीच्या आत, मागच्या सीटच्या जागी घट्ट बसवतात. गाडी उलटली तरी पेट्रोल गळू नये अशी सोय तिला लागते. बॅटरीही आत आणून पट्ट्यांनी आवळतात आणि वरून झाकतात. सुटी बॅटरी म्हणजे ॲसिड भरलेला दगडच.

तिसरी पायरी: ड्रायव्हरभोवती पिंजरा

आता जोडायची वेळ. ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज बसवतात. सीट मागे कलंडू नये म्हणून पाठीमागे आधार देतात. ड्रायव्हरच्या दारावर जाड पत्रा लावतात. दारं वेल्डिंग करून किंवा साखळीने कायमची बंद करतात, त्यामुळे ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. साध्या सीट बेल्टऐवजी खांदे आणि कंबर दोन्ही आवळणारा रेसिंगचा पट्टा असतो. बोनेटला भोक पाडतात, म्हणजे इंजिन पेटलं तर बोनेट न उघडता आग विझवता येते.

यातली गंमत अशी की शर्यत संपल्यावर गाडी भंगारात जाते, पण पिंजरा, सीट, पट्टे आणि टाकी काढून पुढच्या गाडीत बसवतात. गाड्या बदलतात, पण जीव वाचवणारं सामान वर्षानुवर्षं तेच राहू शकतं. म्हणूनच शर्यतीआधी मैदानावरचे तपासनीस प्रत्येक गाडी बघतात आणि जोड कच्चा वाटला तर तिला बाहेर ठेवतात.

मग अख्खी गाडीच पोलादाची का करत नाहीत?

कारण ती नियमात बसत नाही. आधुनिक गाडी अपघातात चेपते ती मुद्दाम. धडकेची ऊर्जा पत्रा चुरगळण्यात खर्च व्हावी आणि माणसापर्यंत कमी पोहोचावी, ही कल्पना मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी 1950 च्या दशकात मांडली. पुढून-मागून कडक केलेली गाडी चेपत नाही. ती तो धक्का आतल्या ड्रायव्हरला आणि समोरच्या गाडीला देते. म्हणून ड्रायव्हरभोवती संरक्षण सक्तीचं आणि बाकी ठिकाणी जादा वेल्डिंगवर बंधनं, असा नियमांचा साधारण रोख असतो.

अमेरिकेतल्या डिमॉलिशन डर्बीमध्ये याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. क्रायसलर इम्पिरियलची 1964 ते 1966 ची मॉडेल्स मुळातच इतकी दणकट होती, की अनेक आयोजकांनी त्यांच्यावर थेट बंदी घातली.

वाद कशावरून आहे?

एकेकाळी ग्रॅनाडा म्हणजे कुणालाही नको असलेली गाडी होती. आज चांगल्या स्थितीतली ग्रॅनाडा संग्राहकांच्या बाजारात हजारो पौंडांना विकली जाते. त्यामुळे खास जुन्या गाड्यांच्या शर्यती झाल्या, की क्लासिक गाड्यांचे शौकीन हळहळतात. त्यांचं म्हणणं, या गाड्या आता पुन्हा बनणार नाहीत.

रेसर्सचं उत्तर असं, की मैदानात येणाऱ्या अनेक गाड्या आधीच सडलेल्या असतात. त्यांचे दिवे, बंपर, दारं असे चांगले भाग शर्यतीआधी काढून संग्राहकांनाच विकले जातात.

दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पण जुन्या गाड्या कमी झाल्या त्याचं खापर एकट्या रेसर्सवर फोडता येत नाही. मे 2009 ते मार्च 2010 या काळात ब्रिटन सरकारने स्क्रॅपेज योजना राबवली. 10 वर्षांहून जुनी गाडी द्या आणि नव्या गाडीवर 2,000 पौंडांची सूट घ्या. त्यात एक अट अशी, की जुनी गाडी नष्ट झाली पाहिजे. या योजनेत जवळपास 4 लाख गाड्या गेल्या. त्यांच्यासाठी ना कुणी तिकीट काढलं, ना कुणी हळहळलं.

मैदानंही कमी होत आहेत. लंडनचं विम्बल्डन स्टेडियम हा बँगर रेसिंगचा मोठा अड्डा होता. ते 2017 मध्ये बंद झालं आणि त्या जागेवर घरं आणि फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं.

कोणती गाडी मोडायची आणि कोणती ठेवायची, याचा कायदा नाही. तो निर्णय शेवटी गॅरेजमध्येच होतो. खालचा पत्रा तपासताना रेसर गंज बघतो, तेव्हा ही गाडी आपल्याला वाचवेल का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. गाडी जुनी आणि दुर्मिळ असेल, तर ही अजून वाचण्यासारखी आहे का, हा दुसरा प्रश्नही तिथेच विचारावा लागतो. ग्राइंडर चालू झाल्यावर त्या प्रश्नाला अर्थ उरत नाही.