तोंडाची कोरड आणि गालाची सोनोग्राफी



सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात : गरोदर बाई, नाहीतर मुतखडा. त्यामुळे गेल्या वर्षी डॉक्टरांनी आमच्या वहिनींना सोनोग्राफी लिहून दिली तेव्हा त्या संकोचल्याच. "अवो भावजी, बावन्न वर्षांची झाले मी. या वयात सोनोग्राफी? लोक काय म्हणतील?" पण ती पोटाची नव्हती, गालांची होती.

वहिनींची तक्रार दोन-अडीच वर्षांची. तोंडाला सारखी कोरड. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे. कुणी उष्णता म्हणाले, कुणी मधुमेह. रक्त तपासले, मधुमेह नव्हता. सब्जा झाला, गुलकंद झाला. दिवसभर खडीसाखर तोंडात धरायची सवय लागली आणि पाहता पाहता सहा दात किडले.

शेवटी शनिवार पेठेत राहणाऱ्या आमच्या बहिणीने त्यांना पुण्याला बोलावून घेतले आणि सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवले. सांधेवाताचे डॉक्टर तोंड कशाला बघतात, असे मलाही वाटले. पण हा आजार त्याच कुळातला. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात तो मांडला, म्हणून त्यांचेच नाव त्याला पडले. शरीराची राखण करणारी यंत्रणाच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. कुंपणानेच शेत खाल्ल्यातला प्रकार! दहा रोग्यांत नऊ बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या केंद्राने भिगवणला सांधेदुखीची पाहणी केली होती. दुखणे विचारले तर माणूस सांगतो तरी. पण तोंड कोरडे पडते हे आपल्या बायका सांगतच नाहीत.

सोनोग्राफीचा दवाखाना शनिवारवाड्यापासून चालत जाण्याजोगा. दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. ती वाचून वहिनींना हसू आले. कानापुढे आणि जबड्याखाली गार जेल लावून यंत्राचा छोटा प्रोब फिरवला. सुई नाही, एक्स-रे नाही, उपाशी राहणे नाही. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटवायचे, एवढेच. निरोगी ग्रंथी कुळवलेल्या वावरासारखी एकसारखी दिसते. वहिनींच्या चारही ग्रंथींत मधूनमधून काळी डबकी दिसली. याची प्रत ० ते ३ अशी लावतात, ० म्हणजे निरोगी. वहिनींची २ आली.

तरी एवढ्यावर शिक्का बसत नाही. २०१६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत सोनोग्राफीला गुणच नाहीत. रक्तात 'रो' नावाच्या घटकाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली तर ३ गुण, आणि पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर १. निदानाला ४ पुरतात. वहिनींचे तेवढे भरले, त्यामुळे ओठाचा तुकडा काढायची वेळ आली नाही. आजार नवा असला तर सोनोग्राफी चांगलीही येऊ शकते. म्हणजे 'फोटो चांगला, आजार नाही' असे धरून चालू नये. उलट प्रत्येक कोरड याच आजाराची, असेही नाही. मधुमेहाने पडते, ॲलर्जीच्या आणि मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांनीही पडते. मात्र कोरड तीन महिन्यांवर गेली आणि जोडीला डोळेही खुपत असले तर दाखवावे.

मुळापासून बरे करणारे औषध नाही. डोळ्यांत थेंब, लाळ सुटायची गोळी, दातांना फ्लोराइड आणि जवळ पाण्याची बाटली. खडीसाखर मात्र डॉक्टरांनी बंद केली. लाळ दात धुते. लाळच नाही तर साखर दातांवर तशीच बसते. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण लिहिणे भाग आहे.

गालाची गाठ किंवा सूज टिकून राहिली तर लगेच यायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे, कारण या आजारात क्वचित तिथे लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. वहिनी आता वेणी घालताना आरशात दोन्ही गाल चाचपून बघतात.