दोन दिवसांत ओरो प्रेतो

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातलं ओरो प्रेतो बघायला जायचं असेल, तर चर्चची यादी करण्याआधी तिथल्या जमिनीचा चढउतार समजून घ्यावा. शहर समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या जागी वसलं आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या ओढ्यांच्या वाळूत सोनं सापडलं आणि त्यामागे धावत आलेल्या लोकांच्या वस्त्या उतारांवर उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोन मोठ्या झाल्या: पूर्वेला आंतोनियो दियास, पश्चिमेला पिलार. 1711 मध्ये पोर्तुगीजांनी या वस्त्या एकत्र करून विला रिका हे नगर स्थापन केलं. दोन्हींच्या मधल्या उंचवट्यावर आजचा तिरादेन्तिस चौक आहे. चौकातून जवळजवळ कुठेही निघालं तरी उतार लागतो आणि परत येताना तोच चढावा लागतो. म्हणून शनिवारी पूर्वेची बाजू आणि रविवारी पश्चिमेची, अशी वाटणी केली की पायांचे हाल होत नाहीत.

तयारीतली पहिली गोष्ट लसीची. भारतातून जाणाऱ्याने पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावं. ब्राझीलहून परतताना ते जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावं लागू शकतं.

जवळचं मोठं शहर म्हणजे बेलो होरिझोन्ते, सुमारे 100 किलोमीटरवर. त्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या बराच उत्तरेला, कोन्फिन्सला आहे. तिथून आधी शहरातल्या बसस्थानकावर यायचं आणि मग ओरो प्रेतोची बस धरायची. हा पुढचा रस्ता साधारण दोन तासांचा, वळणांचा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचलं, तर शनिवारची सकाळ पूर्ण हाती लागते. मुक्काम चौकाच्या आसपास घ्यावा. खाली दरीतली खोली स्वस्त मिळेलही, पण रोज रात्री तिथे उतरायचं आणि सकाळी पुन्हा चढायचं हे ध्यानात ठेवावं.

मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने सर्वांत सोयीचे. जून-जुलै हा तिथला हिवाळा, रात्री स्वेटर लागतोच. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो आणि दगडी फरसबंदीचे उतार निसरडे होतात. कधीही गेलात तरी पकड असलेले बूट न्या. कार्निव्हल आणि ईस्टरचा आठवडा निवडलात, तर खोली फार आधी राखून ठेवावी लागते. पण ईस्टरच्या आदल्या रात्री लोक रस्त्यांवर रंगीत भुशाचे गालिचे घालतात आणि सकाळी मिरवणूक त्यावरून जाते. तेवढ्यासाठी गर्दी सोसायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी थेट खाली, आंतोनियो दियास भागातल्या शिको रेईच्या खाणीत जावं. बोगदे इतके ठेंगणे आहेत की जागोजागी वाकून चालावं लागतं. हे बोगदे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी हातांनी खोदले. त्यांच्यातल्याच एका राजाने स्वातंत्र्य विकत घेऊन पुढे ही खाणही घेतली, अशी आख्यायिका आहे. तिथून समोरची टेकडी चढून सांता एफिजेनिया चर्च गाठावं. ते कृष्णवर्णीयांच्या संघाने बांधलं.

एवढ्या लहान शहरात इतकी चर्च कशी, याचं उत्तर या संघांत आहे. सोन्याची चोरटी वाहतूक होईल या संशयाने राजसत्तेने धर्मसंघांच्या साधूंना या प्रदेशात मठ उभारू दिले नाहीत. जुन्या गोव्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन संघांच्या मोठ्या वास्तू दिसतात. इथे मात्र ते काम गावकऱ्यांच्या संघांनी केलं. गोऱ्यांचे, मिश्रवंशीयांचे, कृष्णवर्णीयांचे संघ वेगवेगळे, आणि प्रत्येकाला आपलं चर्च सरस हवं होतं.

परतीच्या चढावर कोन्सेइसांव चर्च लागतं. आलेइजादिन्यो या थोर शिल्पकाराची कबर तिथे आहे. पोर्तुगीज बांधकामतज्ज्ञ आणि गुलाम आफ्रिकन स्त्री यांचा हा मुलगा. आजाराने हात निकामी होत गेले तरी त्याने छिन्नी सोडली नाही. त्याचं काम बघायचं तर थोडं वर साओ फ्रान्सिस्को चर्चला थांबावं. 1766 मध्ये सुरू झालेल्या या चर्चच्या दारावरचं कोरीवकाम त्याचं, आत लाकडी छतावरचं चित्र मानुएल दा कोस्टा आताइदे याचं. त्यातली मेरी मिश्रवंशीय चेहऱ्याची आहे. समोरच्या बाजारात मऊ सोपस्टोनच्या वस्तू मिळतात.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असते, तेव्हा पर्यटकांनी आत हिंडू नये. त्या वेळात चौकातलं इन्कॉन्फिदेन्सिया संग्रहालय बघावं. जुनं नगरसभागृह आणि तुरुंग असलेल्या या इमारतीत 1789 च्या फसलेल्या कटाची हकिगत मांडली आहे. सोन्याच्या कराला विटलेल्यांचा तो कट होता. चौकाला ज्याचं नाव आहे त्या कटवाल्या तिरादेन्तिसला 21 एप्रिल 1792 रोजी रिओत फाशी झाली आणि त्याचं शिर इथे आणून टांगलं. मग खाली कासा दोस कोन्तोसमध्ये उतरावं. तिथे सोन्याचा हिशेब राहायचा आणि तळघरात गुलामांच्या कोठड्या होत्या. सर्वांत शेवटी सोन्याने मढलेलं पिलार चर्च.

जेवणात घेवड्याच्या बियांचं तुतू, भेंडी घातलेली कोंबडी आणि चीजचे गरम पाव मिळतात. शाकाहारींनी विचारूनच घ्यावं, कारण उसळीत डुकराचं मांस असतंच असं धरून चालावं.

1897 मध्ये राज्याची राजधानी बेलो होरिझोन्तेला गेली आणि नवं बांधायला इथे फारसं कुणी उरलं नाही. त्यामुळे जुनं शहर टिकलं आणि 1980 मध्ये ब्राझीलमधलं पहिलं जागतिक वारसास्थळ ठरलं. सोमवारी बहुतेक संग्रहालयं आणि चर्च बंद असतात, म्हणून तो दिवस परतीला ठेवावा. वेळ कमी पडला तर एखादं चर्च गाळा, खाण गाळू नका, आणि पिलारच्या आधीच ती बघा. ते बोगदे वाकून चालल्यावरच वेदीवरच्या सोन्याची खरी किंमत कळते.