वत्सगुल्म

महाराष्ट्र राज्याच्या विदर्भ विभागातील एक प्राचीन नगर, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी व तीर्थक्षेत्र. याचे विद्यमान नाव वाशिम. वाशिम जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण अकोल्याच्या दक्षिणेस सु. ८० किमी. अंतरावर अकोला–पूर्णा लोहमार्गावर वसले आहे. लोकसंख्या ७८,३८७ (२०११). इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ मध्ये मोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन विद्यमान जिल्हा अस्तित्वात आला.

वत्सगुल्म या नावाच्या दोन उपपत्ती सांगतात. स्थलमाहात्म्यानुसार वत्स ऋषीच्या तपोभूमीत देवांचा समूह (गुल्म) एकत्र आला, म्हणून हे नाव पडले. कामसूत्रावरील जयमंगला टीकेत मात्र दक्षिणापथातील वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांशी नावाचा संबंध जोडलेला आहे. दोन्ही कथा नावाची फोड करून मागाहून रचलेल्या दिसतात. मूळ कामसूत्रात या प्रदेशाचा निर्देश येतो, यावरून नाव पुष्कळ जुने असावे, एवढे निश्चित. महाभारताच्या वनपर्वातील वंशगुल्म तीर्थ हे नर्मदा व शोण यांच्या उगमाजवळचे असल्याने त्याची वत्सगुल्माशी गल्लत करू नये.

वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन (कार. सु. २७०–३३०) याच्या मृत्यूनंतर राज्याची विभागणी झाली. ज्येष्ठ शाखा नंदिवर्धन येथे नांदली. सर्वसेन या पुत्राने वत्सगुल्म येथे दुसरी शाखा स्थापिली. विशेष हे, की या दुसऱ्या शाखेचे स्वतंत्र अस्तित्व १९३९ पर्यंत इतिहासकारांना ठाऊकच नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील कोरीव लेखात तिची वंशावळ होती. पण लेख झिजलेला असल्याने सर्वसेनाचे नाव नीट वाचले गेले नव्हते आणि सर्व राजे एकाच घराण्यात बसविण्याचा प्रयत्न चालू होता. १९३९ मध्ये वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा (विंध्यसेन) ताम्रपट सापडला. त्याच्या ३७ व्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेल्या या दानपत्रात नंदिकट (नांदेड) परिसरातील एका गावाचे दान नोंदले आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यवहारी तपशील प्राकृतात आहे. राजभाषा म्हणून प्राकृत मागे पडून संस्कृत पुढे येत असतानाचा तो बोलका पुरावा होय. या ताम्रपटाच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून दोन्ही वंशावळी जुळविल्या आणि वत्सगुल्म शाखेचा इतिहास उभा राहिला.

या शाखेचा कालक्रम राज्यवर्षांवर अवलंबून असल्याने बराच काळ अंदाजाचाच होता. वाशिमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेखाने त्याला एक पक्का आधार मिळाला. देवसेनाच्या कारकीर्दीत स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे सरोवर बांधल्याची नोंद त्यात असून काल शक ३८० (इ. स. ४५७–५८) असा स्पष्ट दिला आहे. वाकाटकांचे इतर लेख राज्यवर्षांत असताना संवताचा निर्देश करणारा हा लेख असाधारण महत्त्वाचा ठरतो. मिराशींचा वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर तो प्रकाशात आला. सौराष्ट्रात गिरनारजवळ याच नावाचा विख्यात जलाशय होता. तेव्हा हे नाव त्याच्या कीर्तीवरूनच घेतले असावे. पाणलोटाच्या माथ्यावरील, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या प्रदेशात तलाव बांधणे हे देवळाइतकेच पुण्यकर्म मानले गेल्यास नवल नाही.

देवसेनाचा पुत्र हरिषेण (कार. सु. ४७५–५००, काही अभ्यासकांच्या मते याहून थोडा आधी) हा या शाखेचा सर्वांत प्रबळ राजा. कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र या देशांशी त्याचा संबंध अजिंठ्याच्या लेखात सांगितला आहे. प्रशस्तीतील अतिशयोक्ती वजा केली, तरी त्याचा दरारा मोठा होता, हे मान्य करावे लागते. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. हरिषेणानंतर हे राज्य झपाट्याने लयास गेले. दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुताच्या कथेत या ऱ्हासाची स्मृती उतरली आहे, असे मिराशी यांचे मत होते.

राजधानीचे अवशेष पाहण्याच्या हेतूने येणाऱ्याची वाशिमला प्रथम निराशा होते. रोमन नगरांचे स्तंभ, कमानी व प्रेक्षागारे पाहिलेल्याला तर ती अधिकच जाणवावी. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यावर पुन्हा नगर उभे राहिले नाही आणि १७४८ पासून उत्खनन होऊन त्याचे रस्ते व घरे मोकळी झाली. वाशिमची गोष्ट याच्या उलट आहे. येथे वस्ती चालू राहिली, जुन्या घरांच्या विटामातीवर नवी घरे उठत गेली, आणि वाकाटकांची नगरी आजच्या गावाखालीच राहिली. त्यामुळे नव्या इमारतीसाठी खोल पाया खणला जातो, तेव्हा पुराव्याचा एखादा थर कायमचा नाहीसा होण्याचा धोका असतो. १९३९ चा ताम्रपट वितळविला गेला असता, तर एक राजघराणे अज्ञातच राहिले असते. पाँपेईच्या उत्खननात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर व भोकरदन येथे सापडल्या आहेत. दख्खन व रोम यांच्यातील हा व्यापार सातवाहनकालीन, म्हणजे वत्सगुल्मच्या उत्कर्षापूर्वीचा आहे.

साहित्याच्या इतिहासात या नगरीचे स्थान मोठे आहे. सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात हरिविजय हे काव्य लिहिले. ते आज उपलब्ध नाही. परंतु आनंदवर्धन व हेमचंद्र यांच्यासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत विदर्भातील वत्सगुल्म नगरीत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्व विवाह झाल्याचे वर्णिले आहे. कर्पूरमंजरीत त्याने उल्लेखिलेली ‘वच्छोमी’ रीती ही याच नगराच्या नावाची होय. ‘वाशिम’ हे रूप अशाच प्राकृत रूपांतून सिद्ध झाले असावे.

ज्योतिषशास्त्रातही नगराचा मान होता. भास्कराचार्यांनी करणकुतूहलात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या भूमध्यरेषेवरील स्थानांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्म गणले आहे. येथील मध्यमेश्वराचे मंदिर या रेषेवर असल्याचे परंपरेने मानतात. प्रत्यक्षात वाशिमचे रेखावृत्त ७७° ०८′ पू., तर उज्जैनचे ७५° ४६′ पू. आहे, म्हणजे सूर्योदयमानात सु. साडेपाच मिनिटांचा व अंतरात सु. १४० किमी.चा फरक पडतो. ग्रहणाच्या वेळा आणि प्रवासातील अंतरे यांवरून रेखांश ठरविण्याच्या त्या काळच्या पद्धतीत एवढी चूक अटळ होती.

मोगल काळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते व पुढे भोसल्यांच्या वेळी येथील कापड प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू या भोसल्यांच्या पदरच्या सरदाराने बालाजीचे मंदिर व त्यालगतचा तलाव बांधला. माहात्म्यात १०८ तीर्थे सांगितली असली, तरी त्यांतील पद्मतीर्थाचीच ख्याती विशेष आहे.

वाशिम पाहण्यास एक दिवस पुरतो. सकाळी पद्मतीर्थ, मध्यमेश्वर व बालाजी मंदिर पाहून दुपारी हिस्से-बोराळ्यास जाता येते. वेळ उरल्यास मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहावे. कारंजा (लाड) हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व जैन ग्रंथभांडारांसाठी प्रसिद्ध असलेले गाव याच जिल्ह्यात आहे, पण त्यासाठी दुसरा दिवस राखलेला बरा. [⟶ अजिंठा, वाकाटक घराणे, विदर्भ].