जखमेवरील मध : उपयोग आणि मर्यादा

भाजलेल्या नातवाला घेऊन आलेली आजी ड्रेसिंगच्या खोलीत जरा संकोचूनच विचारते, "घरातला मध लावला होता. चुकलं का, डॉक्टर?" हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

व्रणावर मध व तूप लावण्याचा उपचार सुश्रुतसंहितेत आहे. आधुनिक कसोटीवर तो पारखण्याचे एक महत्त्वाचे काम मात्र आपल्या सोलापुरात झाले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझीन हे प्रचलित मलम लावले होते. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, तर मलमाच्या गटातील केवळ १० टक्के. हे मलम स्वतःच जखम भरण्यास विलंब लावते, असे पुढे दिसून आल्याने हे आकडे जपून वाचावे लागतात. तरीही २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने अशा भाजण्यात मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते, असा निष्कर्ष काढला.

याचे कारण मधाच्या घडणीत आहे. मकरंद फुलांचा असला तरी त्याचा मध करते ती मधमाशी. मधात सुमारे ८० टक्के साखर असते; ती जखमेतील पाणी शोषून घेते आणि जंतूंची वाढ रोखते. आम्लताही जंतूंना मानवत नाही (काही रुग्णांना मध चुरचुरतो, तो बहुधा यामुळेच). शिवाय माशीच्या ग्रंथींतून मधात एक विकर उतरते. जखमेतील स्रावाने मध पातळ झाला की हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइड अल्प प्रमाणात, पण सतत निर्माण करते. मध उकळला की हे विकर नष्ट होते. जखम ओलसर राहिल्याने पट्टी चिकटत नाही; ती सोडवताना मूल कमी रडते, हाही लाभ आमच्या मते लहान नाही.

मग घरातला मध का नको? कारण त्यात काही जंतूंचे बीजाणू सुप्तावस्थेत असू शकतात. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्या प्रक्रियेत विकर टिकून राहते. खोल भाजल्यावर तर मधावर विसंबणे धोक्याचे आहे. डॉ. सुब्रह्मण्यम यांनीच १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मधापेक्षा लवकर केलेली शस्त्रक्रिया व त्वचारोपण सरस ठरले. शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या व्रणांत मधाचा विशेष लाभ आढळलेला नाही. मधुमेही पायाच्या जखमेबाबत पुरावा अपुरा आहे.

भाजल्यास प्रथम नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा, स्वच्छ कापडाने झाकावा आणि रुग्णालयात यावे. घरी काही लावले असल्यास ते न संकोचता सांगावे. जखम धुताना आम्हांला ती माहिती लागते.