यंत्राची परीक्षा टीव्हीवर : आधी विचारा, पैसा कोणाचा?

शिलाईच्या कारखान्यात नवी मोटर बसवायची असेल तर आपला कारागीर कोणाला विचारतो? प्रथम शेजारच्या गाळ्यातील उस्तादाला. त्याचे ज्ञान खरे असते, पण ते त्याने वापरलेल्या एकाच मोटरीपुरते. मग दुकानदाराला विचारतो. ज्या मालावर सुटतो जास्त, तोच माल दुकानदार आधी पुढे करणार, हे व्यापारी बंधूंना वेगळे सांगायला नको. अलीकडे तिसरा सल्लागार आला आहे, मोबाईलवरचा व्हिडिओ. त्यात बोलणाऱ्याला ती वस्तू फुकट मिळालेली असते आणि तसे त्याने सांगितलेले असतेच असे नाही.

मोटर चुकीची निघाली तर मोठ्या कारखानदाराचे काही अडत नाही, तो दुसरी आणतो. दोन मशीनवर घर चालवणाऱ्याचा मात्र महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून यंत्रे आणि उपकरणे तपासून दाखवणारा, खरे बोलणारा आणि घरातल्या बायकामुलांनीही आवडीने पाहावा असा एखादा कार्यक्रम टीव्हीवर हवा, अशी इच्छा अनेकजण बोलून दाखवतात. तो स्थानिक केबलवर असो की मोठ्या वाहिनीवर, आखणी कशी करावी याचा विचार या लेखात केला आहे.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, पैशाचा आहे. तपासायची वस्तू कोणी विकत घेतली आणि कार्यक्रमाचा खर्च कोण उचलतो, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कार्यक्रम कितपत खरे बोलेल ते पहिला भाग पाहण्याआधीच सांगता येते.

अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. तिचे मासिक ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. ही मंडळी जाहिरात घेत नाहीत. तपासायची वस्तू साध्या गिऱ्हाईकासारखी, ओळख न देता, दुकानातून रोख विकत घेतात. कंपनीने पाठवलेला नमुना घेतला तर कंपनी त्यातल्या त्यात चांगला निवडून पाठवणार, हे त्यामागचे साधे कारण. आंब्याच्या पेटीत वरचा थर कसा लावतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जर्मनीत संसदेच्या निर्णयाने १९६४ साली ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था निघाली. तिचीही खरेदीची पद्धत हीच, आणि तिच्या मासिकातही जाहिराती नसतात.

आता उलट उदाहरण पाहा. जानेवारी २०१३ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात ‘सीनेट’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाचे संपादक उत्कृष्ट वस्तूंची निवड करीत होते. त्यांनी ‘डिश’ कंपनीच्या ‘हॉपर’ या उपकरणाला सर्वोत्तम ठरवले. हे उपकरण टीव्हीवरच्या जाहिराती वगळून कार्यक्रम दाखवत असे. सीनेटची मालक कंपनी सीबीएस ही स्वतःच टीव्ही वाहिनी, जाहिरातींवर जगणारी, आणि याच उपकरणावरून डिशशी कोर्टात भांडत होती. मालकांनी आदेश दिला, हॉपरचे नाव काढा. संपादकांना ते काढावे लागले. बातमी फुटली, एका वार्ताहराने राजीनामा दिला, प्रदर्शनाच्या आयोजकांनी सीनेटकडून निवडीचे काम काढून घेतले आणि हॉपरला सर्वोत्तमचा मान परत दिला. तपासणाऱ्यांचे मत खरे होते; ते बोलू देणारा मालक नव्हता.

यावरून आपल्या कार्यक्रमासाठी नियम निघतो तो असा : ज्या जातीची वस्तू तपासायची त्या जातीच्या व्यापाऱ्याची किंवा कंपनीची जाहिरात कार्यक्रमात घ्यायची नाही. मशीन-मोटरी तपासत असाल तर मसालेवाला, कापडवाला, मिठाईवाला, चष्मेवाला यांची जाहिरात खुशाल घ्या. उत्पन्न थोडे कमी होईल. पण मोटरवाल्याची जाहिरात घेऊन मोटरीला नावे ठेवणे कोणालाही जमत नाही, आणि ज्याला जमते त्याला दुसऱ्या महिन्यात जाहिरात मिळत नाही.

आपल्याकडे आता कायदाही या बाबतीत बोलतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जून २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी काही देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड सांगणे आवश्यक आहे. तेव्हा वस्तू उसनी आणली असेल, कोणी भाड्याने दिली असेल, निवेदकाच्या मेहुण्याच्या दुकानातून घेतली असेल, तर तसे सुरुवातीलाच बोलून टाकावे. त्याला दहा सेकंद लागतात.

आता करमणुकीकडे वळू. खरे बोलणारा कार्यक्रम रुक्षच असणार ही समजूत चुकीची आहे. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘रजनी’ लागत असे. प्रिया तेंडुलकर ज्या त्वेषाने ग्राहकाची बाजू घेऊन भांडत, ते पाहायला घरोघरी गर्दी होई. पुढे ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रा. यश पाल प्रेक्षकांच्या विज्ञानविषयक प्रश्नांना साध्या बोलीत उत्तरे देत. नाचगाणे नव्हते, तरी लोक खिळून बसत. कारण प्रश्न आपलाच असे.

मात्र करमणुकीच्या नादात हात कसे भाजतात तेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने ‘डेटलाइन’ कार्यक्रमात जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकची टक्कर दाखवली. टक्कर होताच आग भडकली. पुढे उघडकीस आले की आग नक्की लागावी म्हणून कार्यक्रमवाल्यांनीच ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची पेटती इंजिने बसवली होती. कंपनीने दावा ठोकला. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला पडद्यावरून माफी मागावी लागली, आणि वृत्तविभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. त्या ट्रकच्या इंधनटाकीची जागा धोक्याची आहे ही तक्रार गंभीर होती, लोक मेले होते. पण नकली आगीच्या धुरात खरी तक्रार दिसेनाशी झाली. नुकसान कंपनीचे कमी आणि ट्रक चालवणाऱ्यांचे जास्त झाले असे आम्हाला वाटते.

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’चे प्रकरण जरा निराळे. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी टेस्लाची विजेवर चालणारी मोटार दाखवली. आमच्या ट्रॅकवर ती ५५ मैलांत संपेल असे सांगितले आणि माणसे ती ढकलत नेत आहेत असे दृश्य घातले. बॅटरी संपलेलीच नव्हती, असे टेस्लाचे म्हणणे. २०११ साली कंपनी कोर्टात गेली आणि २०१३ साली अपिलातही हरली. शर्यतीच्या ट्रॅकवरचा आकडा कोणताही समंजस माणूस रोजच्या रस्त्याला लावणार नाही, असा न्यायालयाचा रोख होता. बीबीसी जिंकली खरी. पण आपल्या केबलवाल्याला असा दावा दोन महिनेही लढवता येणार नाही. त्याने नाटक करायचे असेल तर ‘हे नाटक आहे’ अशी पाटी पडद्यावर ठेवावी, आणि तपासणीच्या भागात नाटक मुळीच करू नये.

तपासणीतच पुरेशी गंमत असते. पहिला भाग शिलाईच्या मोटरीवर करा असे आम्ही सुचवू. जुनी क्लच मोटर बटण दाबले की फिरतच राहते. कारागीर धागा ओवतो, कापड फिरवतो, चहा पितो, तरी ती गुणगुणत वीज खाते. सर्व्हो मोटर पेडल दाबले तरच फिरते. कागदावर बचत उघड आहे. पण किती? तीन कारागीर घ्या : एक सलग लांब शिवण मारणारा, एक शर्टाच्या कॉलर-कफवर थांबत थांबत काम करणारा, एक दुरुस्तीचे फुटकळ काम करणारा. प्रत्येकाच्या मशीनला विजेचे मीटर लावा आणि आठवडा एका मोटरीवर, आठवडा दुसऱ्या मोटरीवर काम करू द्या. तिघांचे आकडे वेगळे येतील आणि खरी गोष्ट त्या फरकातच आहे. मीटर उघडण्याआधी तिघांना अंदाज विचारा, गल्लीतल्या पोरांनाही विचारा. कोणाचा अंदाज बरोबर येतो हे पाहायला लोक जाहिरात संपेपर्यंत थांबतील.

पंख्याचा हिशेब तर पाटीवर करून दाखवता येतो. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरीचा सुमारे ३०. फरक ४५ वॅटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटांच्या आसपास. दुकानात चार पंखे असतील तर चौसष्ट. प्रेक्षकाने आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करावा. पण पंखा बिघडला तर आतले सर्किट गावात दुरुस्त होते का, हा प्रश्न त्याच भागात विचारलाच पाहिजे, नाहीतर हिशेब अर्धा राहतो. फ्रान्समध्ये २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही यांसारख्या काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपण ते गुण निदान कार्यक्रमात द्यावेत.

ते द्यायला निवेदक म्हणून नटनट्या आणू नका. वीस वर्षे मशीन उघडणारा मिस्त्री आणा. स्क्रू कोणता झिजतो, तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार कुठे गुंडाळली आहे, सुटा भाग मिळतो की अख्खी प्लेट बदलावी लागते, हे तो हातात घेऊन दाखवील. त्याची बोली मालेगाव-भिवंडीची असेल तर ती तशीच राहू द्या. मालेगावच्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट तुटपुंज्या पैशात, गावातल्याच माणसांना घेऊन केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. यंत्रमागाच्या गावाला पडद्याची भाषा नव्याने शिकवावी लागत नाही. मिस्त्री एखाद्या कंपनीचे अधिकृत दुरुस्ती केंद्र चालवत असेल तर मात्र त्या कंपनीच्या वस्तूच्या वेळी दुसरा मिस्त्री बसवावा.

दुकानात पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सची परीक्षा बाजाराच्या दिवशी, गर्दीत, नेटवर्क मंद असताना घ्यावी. बिल छापणाऱ्या छोट्या प्रिंटरची परीक्षा आणखी मजेशीर आहे. तो उष्णतेने काळा पडणाऱ्या कागदावर छापतो, आणि त्या कागदावरची अक्षरे ऊन व उष्णतेने फिकी पडतात. एक पावती खिडकीत, एक गल्ल्यात, एक पाकिटात ठेवा आणि दर भागात ती दाखवत राहा. वर्षभराची गॅरंटी ज्या पावतीवर आहे ती पावती वर्षभर टिकते का, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसेल.

निष्कर्ष वाईट निघाला तर कंपनीला आधी कळवावे. आकडे पाठवावेत, उत्तर मागावे आणि उत्तर पडद्यावर वाचून दाखवावे. संहिता मात्र मंजुरीसाठी देऊ नये. एक नग खराब निघाला तर दुसऱ्या दुकानातून दुसरा आणून पुन्हा तपासावा. बिले, मीटरचे आकडे आणि न कापलेले चित्रीकरण जपून ठेवावे. सुझुकीच्या ‘समुराई’ गाडीला कन्झ्युमर रिपोर्ट्सने १९८८ साली नापास केले, कंपनीने १९९६ साली दावा लावला आणि तो २००४ साली तडजोडीने मिटला. सोळा वर्षांपूर्वीच्या चाचणीचे कागद त्यांना सांभाळावे लागले.

राहता राहिला शेजारधर्म. लहान गावात केबलवाला, दुकानदार आणि कारागीर एकाच मोहल्ल्यात राहतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात. माल नापास केला की दुकानदार तोंड फिरवणार, ही भीती खोटी नाही. यावर उपाय इतकाच की दोष मॉडेलचा सांगावा, दुकानाचे नाव घेऊ नये आणि खरेदी दोन-तीन निरनिराळ्या बाजारांतून करावी. दुकानदारांचाही यात फायदा आहे. नापास माल कंपनीला परत करताना त्यांच्या हातात आकडे येतील. पुढच्या महिन्यात काय तपासणार याची यादी मात्र दोघांनाच माहीत असावी, खरेदी करणाऱ्याला आणि मिस्त्रीला. चॅनेलच्या मालकालाही ती खरेदी झाल्यावरच कळावी.